गॅस कंपनी कोर्टात, बिल आपल्या दारात: वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात ओरेगनच्या गॅस कंपन्यांचा जाता जाता उल्लेख केला होता, की राज्याचा क्लायमेटचा नियम या कंपन्यांनी कोर्टात जाऊन रद्द करून घेतला आणि राज्याने वर्षभरात तोच नियम परत आणला. त्या एका वाक्यावर बरीच पत्रं आली. पोर्टलंड-सिएटलकडची मंडळी आहेतच, पण पुणे-नागपूरहूनसुद्धा लोकांनी विचारलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलचक होते ते छाटलेत.

प्रश्न: आमच्या हिल्सबरोमध्ये पॉटलकला एक गृहस्थ छातीठोकपणे सांगत होते की कोर्टाने क्लायमेटचा कायदा बेकायदेशीर ठरवला, गॅस कंपनी जिंकली, विषय संपला. खरं काय?

अर्धं खरं आहे. कंपनी जिंकली हे खरं, बाकी जरा बघावं लागेल.

आधी नियम काय होता ते बघू. क्लायमेट प्रोटेक्शन प्रोग्रॅम नावाचा नियम ओरेगनच्या एन्व्हायर्नमेंटल क्वालिटी कमिशनने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केला आणि तो २०२२ पासून लागू झाला. पेट्रोल, डिझेल, प्रोपेन आणि पाइपने येणारा नॅचरल गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांनी त्यांच्या इंधनातून होणारं उत्सर्जन २०३५ पर्यंत निम्म्यावर आणायचं आणि २०५० पर्यंत ९० टक्क्यांनी कमी करायचं, असा तो नियम. नीट बघा, इथे वीज कंपन्या नाहीत, त्यांच्यासाठी त्याच वर्षी विधिमंडळाने वेगळा कायदा केला होता की २०४० पर्यंत वीज पूर्ण स्वच्छ करा. हा गॅस आणि तेलवाल्यांसाठीचा.

मार्च २०२२ मध्ये एनडब्ल्यू नॅचरल, कॅस्केड आणि अव्हिस्टा या तिन्ही गॅस कंपन्या कोर्टात गेल्या, आणि तेल कंपन्यांची संघटना, शेतकऱ्यांची संघटना वगैरे पण गेल्या. ओरेगनमध्ये सरकारी नियमालाच आव्हान द्यायचं असेल तर खालच्या कोर्टात साक्षीपुरावे वगैरे नसतात, थेट कोर्ट ऑफ अपील्समध्ये जायचं, आणि तिथे साधारण तीनच गोष्टी बघतात: नियम घटनेच्या विरोधात आहे का, खात्याला तो करायचा अधिकार होता का, आणि करताना ठरलेली पद्धत पाळली का. कंपन्यांनी तिन्हीकडून बाण सोडले होते. लागला तो तिसरा.

त्याचं असं झालं की ओरेगनच्याच कायद्यात एक कलम आहे. ज्यांच्याकडे फेडरल क्लीन एअर अ‍ॅक्टखालचं मोठ्या प्रदूषकांचं परमिट आहे, ज्याला टायटल फाइव्ह परमिट म्हणतात, त्यांच्यावर केंद्रापेक्षा जास्तीचा नियम लादायचा असेल तर कमिशनने आधी लेखी सांगायचं की हो, हे केंद्राच्या वरचं आहे, ते या या कारणांसाठी लागतंय, आम्ही हे हे पर्याय बघितले आणि ते यामुळे सोडले. ही लेखी माहिती कायद्याला हवी तशी दिलेली नव्हती. २० डिसेंबर २०२३ ला कोर्टाने पूर्ण प्रोग्रॅम रद्द केला. सोसायटीच्या एजीएममध्ये ठराव झाला पण अजेंड्याची नोटीस नियमाप्रमाणे निघाली नव्हती म्हणून रजिस्ट्रारने ठराव उडवला, साधारण तसा प्रकार. ठराव चुकीचा होता असं रजिस्ट्रार म्हणत नाही, परत मीटिंग बोलवा म्हणतो.

आणि राज्याने तेच केलं. वरच्या कोर्टात गेलेच नाहीत, जानेवारी २०२४ मध्ये सांगून टाकलं की आम्ही नव्याने नियम करतो, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तीच दोन टार्गेट्स घेऊन नवा नियम पास केला, २०२५ पासून लागू. २०२५ च्या सुरुवातीला तिन्ही गॅस कंपन्या परत त्याच कोर्टात. तर विषय संपला म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना हे वाचायला द्या.

अजून एक गंमत म्हणजे पहिल्या नियमात हिशोब तीन वर्षांचा होता, २०२२ ते २०२४, आणि तो ती वर्षं संपल्यावर द्यायचा होता. म्हणजे एकाही कंपनीला 'आम्ही पाळलं' असं दाखवायची वेळ यायच्या आत नियमच गेला.

प्रश्न: पण एवढी मोठी गोष्ट विधिमंडळाने कायदा करून का नाही केली? कमिशन, खातं, नियम, हे मागच्या दाराने नाही का वाटत?

वाटतं. आणि कंपन्यांच्या वकिलांचा एक मुद्दा हाच होता.

इतिहास असा की २०१९ मध्ये 'हाऊस बिल २०२०' नावाचं कॅप अँड ट्रेडचं, म्हणजे उत्सर्जनावर मर्यादा घालून त्याचे परवाने विकत घ्यायला लावणारं बिल (नावातला आकडा वर्षाचा नाही हं, बिलाचा नंबर) खालच्या सभागृहात पास होऊन सेनेटमध्ये आलं. सेनेट ३० जणांचं, डेमोक्रॅट १८, म्हणजे बहुमत आरामात. पण ओरेगनमध्ये कोरमला दोन तृतीयांश लागतात, म्हणजे २० माणसं हजर पाहिजेत. रिपब्लिकन सेनेटर उठले आणि चक्क राज्याबाहेर गेले, काहीजण शेजारच्या आयडाहोत, कारण राज्याबाहेर ओरेगनचे पोलिस हात लावू शकत नाहीत. गव्हर्नर केट ब्राउन यांनी त्यांना आणायला स्टेट पोलिसांना सांगितलं होतं, तरी बिल मेलं. २०२० ला नवं बिल आणलं, परत वॉकआउट, परत तेच. मग १० मार्च २०२० ला ब्राउनबाईंनी एक्झिक्युटिव्ह ऑर्डर काढली आणि खात्यांना सांगितलं की तुमच्याकडे आहेत त्याच अधिकारांत उत्सर्जन कमी करणारे नियम करा. त्यातून हा प्रोग्रॅम आला.

आता माझं मत. अल्पमतातल्या लोकांनी पळून जाऊन बिल मारायचं हे काही शोभणारं नाही, मतदारांनाही ते आवडलं नाही, २०२२ मध्ये त्यांनी मतदान करून नियम आणला की विनापरवानगी दहा दिवस गैरहजर राहणाऱ्याला पुढच्या टर्मला निवडून येता येणार नाही, आणि तो पुढे ओरेगनच्या सुप्रीम कोर्टानेही उचलून धरला. पण गव्हर्नरच्या ऑर्डरवर उभा राहिलेला नियम कायद्याएवढा मजबूत नसतो, त्याची प्रत्येक वीट कोर्टात मोजली जाते हेही खातं सांभाळणाऱ्यांना माहीत असायला पाहिजे होतं. एवढा मोठा प्रोग्रॅम, शेकडो पानं, महिनोन् महिने सुनावण्या, आणि ठेच कुठे लागली तर लेखी खुलाशावर. मला कंपन्यांपेक्षा खात्याचा जास्त राग आला, खरं सांगतो.

प्रश्न: आम्ही सिएटलजवळ बॉथेलला राहतो. आमच्याकडे पण गॅस कंपनी कोर्टात गेली होती म्हणे, मग आमच्या बिलात कार्बनचे पैसे कसे येतात?

गेली होती, आणि बऱ्यापैकी जिंकलीही होती. तुमची केस मला ओरेगनपेक्षा जास्त इंटरेस्टिंग वाटते, कारण तिथे प्रश्न कागदाचा नव्हता. तिथे प्रश्न होता की धूर नक्की कोणाचा.

वॉशिंग्टनच्या इकॉलॉजी खात्याने गव्हर्नर जे इन्स्ली यांच्या सांगण्यावरून सप्टेंबर २०१६ मध्ये क्लीन एअर रूल आणला. वर्षाला एक लाख टनांपेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइडला जे जबाबदार, त्यांनी दरवर्षी सरासरी १.७ टक्के कमी करायचं. यात रिफायनरी, सिमेंट कारखाने होते तसेच गॅस विकणाऱ्या आणि पेट्रोल विकणाऱ्या कंपन्यापण धरल्या. त्याच महिन्यात प्युजेट साउंड एनर्जी, अव्हिस्टा, कॅस्केड आणि एनडब्ल्यू नॅचरल चौघी मिळून कोर्टात. त्यांचं म्हणणं सोपं होतं: आम्ही गॅस विकतो, जाळत नाही. जळतो तो गिऱ्हाइकाच्या फर्नेसमध्ये, म्हणजे घर गरम करायच्या भट्टीत, त्याच्या घरात तापमान किती ठेवायचं ते आम्ही ठरवत नाही, आणि गिऱ्हाइकाने मागितला तर गॅस नाही म्हणायचा आम्हाला अधिकारपण नाही.

१६ जानेवारी २०२० ला वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ असा निकाल दिला. राज्याच्या क्लीन एअर अ‍ॅक्टप्रमाणे एमिशन स्टँडर्ड लावता येतं ते प्रत्यक्ष उत्सर्जन करणाऱ्याला, नुसता विकणाऱ्याला नाही. म्हणजे कारखान्यांचा भाग राहिला, गॅस आणि पेट्रोल विक्रेत्यांचा भाग उडाला. चार जज उलट बाजूला होते यावरून समजा की मुद्दा किती काठावरचा होता.

पण पुढचं बघा. कोर्टाने सांगितलं होतं की सध्याच्या कायद्यात बसत नाही, मग २०२१ मध्ये विधिमंडळाने कायदाच नवीन केला, क्लायमेट कमिटमेंट अ‍ॅक्ट, आणि त्यात गॅस पुरवणाऱ्यांना सरळ नाव घेऊन आत घेतलं. जानेवारी २०२३ पासून लागू, फेब्रुवारीत उत्सर्जनाच्या परवान्यांचा पहिला लिलाव झाला आणि टनाला ४८.५० डॉलर भाव निघाला. म्हणजे केस जिंकून कंपन्यांना काय मिळालं, तर तीन वर्षं आणि आधीपेक्षा पक्का कायदा. तुमच्या बिलातले पैसे या कायद्याचे आहेत, जुन्या नियमाचे नाहीत.

आणि वॉशिंग्टनच्या मतदारांचं तर काय सांगावं, नोव्हेंबर २०२४ मध्ये हा कायदा रद्द करायचा प्रस्ताव त्यांनी साधारण ६२ टक्क्यांनी फेटाळला, आणि त्याच दिवशी त्याच बॅलटवर घरातल्या नॅचरल गॅसला संरक्षण द्या असा दुसरा प्रस्ताव निसटत्या बहुमताने पास केला. (तो दुसरा मार्च २०२५ मध्ये किंग काउंटीच्या कोर्टाने घटनाबाह्य ठरवला.) कार्बनवर पैसे घ्या पण माझ्या गॅसला हात लावू नका!

प्रश्न: गोल गोल नको, आकडा सांगा. माझ्या बिलात नक्की किती वाढणार?

तुमचं बिल काढा आणि थर्म (गॅस मोजायचं माप) किती ते बघा. एक थर्म गॅस जाळला की साधारण ५.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. जानेवारीत ८० थर्म वापरले असतील तर झाला ४२४ किलो. टनाला ४८.५० डॉलर भाव धरला आणि पूर्ण भार तुमच्यावर टाकला तर त्या महिन्याचे झाले साधारण २० डॉलर ५६ सेंट. उन्हाळ्यात १५ थर्म, तर चार डॉलरच्या आत.

पण पूर्ण भार पडत नाही, निदान सुरुवातीला नाही. वॉशिंग्टनमध्ये गॅस कंपन्यांना बरेचसे परवाने फुकट मिळतात, ते दरवर्षी कमी होत जातात, आणि त्यातले काही लिलावात विकून आलेले पैसे गिऱ्हाइकांना बिलात परत द्यायचे असतात. यात एक मेख आहे, नवीन घर घेणाऱ्यांनी नीट वाचा: २५ जुलै २०२१ ला ज्या घराला गॅसची जोडणी होती त्यालाच ते क्रेडिट, त्यानंतरच्या घरांना नाही, फक्त कमी उत्पन्नवाल्यांचा अपवाद. शेजारीशेजारी दोन घरं, सारखाच गॅस, बिल वेगळं, आणि लोक कस्टमर केअरला फोन करून भांडत बसतात.

ओरेगनमध्ये लिलाव नाही. तिथे वरून मर्यादा खाली येत जाते, कमी पडलं तर कंपनी काही टक्क्यांपर्यंत 'कम्युनिटी क्लायमेट इन्व्हेस्टमेंट' क्रेडिट घेऊ शकते, म्हणजे गरीब वस्त्यांत हीट पंप (विजेवर घर गरम करणारं यंत्र) वगैरे बसवायला पैसे द्यायचे. त्याचा भाव टनाला शंभर डॉलरच्या वर आहे, वॉशिंग्टनच्या पहिल्या लिलावाच्या दुप्पट, म्हणून 'खर्चिक नियम' ही तक्रार ओरेगनमध्ये जास्त जोरात ऐकू येते. आणि ती खोटी नाहीये.

प्रश्न: खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी मारणार ना, मग कंपनीला एवढी कोर्टकचेरी करायची गरज काय? आमचा एवढा कळवळा?

हा प्रश्न विचारणाऱ्या बीव्हर्टनच्या ताईंना माझ्याकडून चहा.

गॅस कंपनी पैसे कशावर कमावते हे बघितलं की उत्तर मिळतं. गॅसची जी किंमत असते ती जवळजवळ जशीच्या तशी तुमच्याकडे येते, दरवर्षी पब्लिक युटिलिटी कमिशनसमोर त्याचा हिशोब होतो, त्यावर नफा नाही. नफा असतो पाइपांवर. कंपनीने रस्त्याखाली पाइप टाकले, स्टोरेज बांधलं, त्या गुंतवणुकीवर कमिशन ठरवून देईल तेवढा परतावा, आणि तो परतावा कित्येक दशकांत हळूहळू वसूल करायचा. आता कल्पना करा की कार्बनमुळे गॅस महाग झाला, ज्यांना परवडतं त्यांनी हीट पंप बसवून गॅस तोडला. पाइप तेवढाच, त्याचा खर्च तेवढाच, वाटून घेणारी घरं कमी. उरलेल्यांचं बिल अजून वाढलं, मग अजून काहीजण गेले. आज बिलात दोन डॉलर वाढतील याची भीती छोटी आहे, हे चक्र सुरू झालं तर थांबवता येणार नाही ही खरी भीती. एनडब्ल्यू नॅचरल १८५९ पासून आहे, ओरेगन राज्य झालं त्याच वर्षीची कंपनी, तिला वीस वर्षांनी काय होईल याचा विचार करावाच लागतो.

पण म्हणून गिऱ्हाइकांचं नाव उगाच घेतात असंही नाही. चक्रात शेवटपर्यंत अडकून राहणार कोण, तर भाड्याने राहणारे, ज्यांना फर्नेस बदलायचा अधिकारच नाही, आणि ज्यांच्याकडे हीट पंपला एकरकमी पैसे नाहीत. त्यांचं काय हा प्रश्न कंपनीने स्वतःच्या फायद्यासाठी विचारला म्हणून चुकीचा ठरत नाही.

आणि कंपनी सगळ्यालाच विरोध करते असं पण नाही हं. २०१९ मध्ये ओरेगनने कायदा केला, सेनेट बिल ९८, की गॅस कंपन्यांनी २०५० पर्यंत ३० टक्क्यांपर्यंत बायोगॅससारखा रिन्यूएबल गॅस पाइपमध्ये आणावा, त्याला एनडब्ल्यू नॅचरलचा पाठिंबा होता. का, तर त्यात पाइप राहतो. जो नियम पाइप ठेवतो तो चालतो, जो पाइप रिकामा करतो त्याच्यावर केस. हे एकदा लक्षात घेतलं की पुढच्या दहा वर्षांतल्या बातम्या तुम्हाला आधीच कळतील.

प्रश्न: गॅसची शेगडी काढायला लावणार का? इंडक्शनवर फुलके नीट फुगत नाहीत.

नाही लावणार. यातल्या कुठल्याही नियमात शेगडीला बंदी नाही. युजीन शहराने फेब्रुवारी २०२३ मध्ये नवीन घरांना गॅस जोडणी बंद केली होती, पण कॅलिफोर्नियात बर्कलीची तशीच बंदी फेडरल कोर्टाने उडवल्यावर युजीनने जुलैत आपली मागे घेतली. तसंही घरातला गॅस खातात फर्नेस आणि गरम पाण्याचा हीटर, शेगडीचा वाटा अगदी थोडा. फुलक्यांवर एनर्जी पॉलिसी चालत नाही.

प्रश्न: आपल्याकडे अशी केस होऊ शकते का? म्हणजे कंपनी म्हणाली की पर्यावरणाचा नियम महाग आहे, रद्द करा? — नागपूर

होऊन गेलीये. वीज कायदा २००३ च्या कलम ८६ प्रमाणे राज्य वीज नियामक आयोग ठरवतो की एकूण विजेतली अमुक टक्के रिन्यूएबल असलीच पाहिजे. राजस्थानच्या आयोगाने हे स्वतःपुरती वीज बनवणाऱ्या कॅप्टिव्ह प्लांटनापण लावलं, नाही घेतली तर सरचार्ज. हिंदुस्तान झिंक आणि बाकी कंपन्या कोर्टात गेल्या, की आम्ही वीज विकत नाही, स्वतः बनवतो स्वतः वापरतो, आम्हाला कसं धरता. म्हणजे सिएटलवाल्यांसारखाच सूर, 'आम्ही त्या व्याख्येत बसत नाही'. मे २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपन्यांच्या विरोधात निकाल दिला, आणि त्यात कायद्याच्या कलमाबरोबर घटनेचं कलम २१ आणि पर्यावरण जपण्याचं मूलभूत कर्तव्य यांचाही आधार घेतला. आपल्या कोर्टाकडे ते हत्यार आहे, आणि ते वापरतात.

कुठल्या दारात जायचं हेपण आपल्याकडे ठरलेलं आहे. आयोगाने एखाद्या केसमध्ये ऑर्डर दिली तर अपील दिल्लीच्या वीज अपिलीय न्यायाधिकरणाकडे, पण आयोगाच्या रेग्युलेशनलाच आव्हान द्यायचं तर न्यायाधिकरण नाही, हायकोर्टात रिट. हे २०१० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच जणांच्या पीठाने पीटीसी इंडियाच्या केसमध्ये सांगितलं.

पुण्याच्या एका वाचकाने पाइप गॅसबद्दल विचारलंय. बायोगॅस मिसळायची सक्ती आपल्याकडेपण आलीये, २०२५-२६ ला एक टक्का आणि २०२८-२९ पर्यंत पाच टक्के. टक्के छोटे आहेत, आत्ता त्यावर कोणी हायकोर्टात पळत जाईल असं मला वाटत नाही.

प्रश्न: आमचा फर्नेस १८ वर्षांचा आहे, हा हिवाळा काढेल असं वाटत नाही. केसचा निकाल लागेपर्यंत थांबू, की गॅसचाच नवीन घेऊ, की हीट पंप? — टिगार्ड

निकालासाठी थांबू नका. पहिल्या केसला पावणेदोन वर्षं लागली होती, आणि निकाल काहीही लागला तरी त्यानंतर परत नियम, परत केस, हे तुम्ही वर वाचलंच. नवीन फर्नेस १५-२० वर्षं चालतो, म्हणजे तो २०४० च्या पुढे जाणार, आणि तोपर्यंत गॅस आजच्यापेक्षा महाग असेल असं धरून चालायला हरकत नाही. उलट विजेचेपण दर ओरेगनमध्ये गेल्या काही वर्षांत चांगलेच वाढलेत, म्हणून नुसतं 'वीज स्वस्त पडेल' या सेल्समनच्या बोलण्यावर जाऊ नका, तुमच्या घराचं इन्सुलेशन आणि डक्ट आधी तपासून घ्या, तिथेच बराच पैसा उडत असतो. हीट पंपचं फेडरल टॅक्स क्रेडिट ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत बसवलेल्यांनाच होतं. एनर्जी ट्रस्ट ऑफ ओरेगनकडून सवलत मिळते का ते बघा, तिचे पैसे तुमच्याच वीज आणि गॅसच्या बिलातून जातात. आणि कोटेशन निदान तिघांकडून घ्या, तेही थंडी पडायच्या आत, नंतर ते लोक फोनसुद्धा उचलत नाहीत.